टुक टुक टुक... भर उन्हात ठोकत बसणारा 'तांबट' कोण आहे आणि त्याला वाळलेली फांदीच का लागते?

मार्च-एप्रिलची दुपार. नाशिकमध्ये रस्ते ओस पडलेत, पंखा पाचवर आहे, आणि बाहेर कुठून तरी एकाच लयीत आवाज येतोय. टुक... टुक... टुक... टुक. शेजारी फर्निचरचं काम चाललंय, असं आधी वाटतं. मग वाटतं, कुणाचा तरी पाण्याचा पंप बिघडलाय. दहा मिनिटं झाली तरी लय तसूभरही बदलत नाही. खिडकीतून पाहिलं तर समोर फक्त पिंपळाचं झाड असतं, आणि त्यावर काहीच दिसत नाही.

तो आवाज त्या झाडावरूनच येत असतो. आवाज करणारा आहे चिमणीपेक्षा जरासा मोठा, गुबगुबीत, हिरवा पक्षी. मराठीत त्याचं नाव तांबट.

हे नाव कुठून आलं, ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे शहर पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं जातं. जुन्या नाशकात भांडी बाजार आहे, तांबट लेन आहे. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या पत्र्याला हातोडीने एकसारखे ठोके देत भांडं घडवायचं, त्यावर मठारकाम करायचं, हा तांबटांचा व्यवसाय. ज्यांनी ते ठोके ऐकलेत त्यांना हा पक्षी ऐकल्यावर दुसरं नाव सुचणं कठीण आहे. इंग्रजांनाही हेच सुचलं. इंग्रजीतलं त्याचं नाव 'कॉपरस्मिथ बार्बेट', म्हणजे पुन्हा तांबटच. गंमत म्हणजे आता बऱ्याच घरांत स्टीलची भांडी आली, हातोडीचे ठोके कमी झाले, आणि अनेक मुलांना तांबट हा शब्द पक्ष्यामुळेच कळतो.

तोंड बंद ठेवून एवढा आवाज?

हा पक्षी ओरडताना चोच उघडत नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंना त्याची थोडी उघडी त्वचा असते. प्रत्येक 'टुक'बरोबर ती फुग्यासारखी फुगते आणि लगेच बसते. पारवा घुमतो तेव्हा त्याचा गळा फुगतो, तसाच प्रकार. सोबत डोकंही ठेक्यात हलतं.

सुरुवात हळू आवाजात होते, मग आवाज चढतो आणि एका पातळीवर स्थिर होतो. वेग मिनिटाला साधारण १०८ ते १२१ ठोक्यांचा. एका दमात सलग २०४ ठोके मोजल्याचीही नोंद आहे. ऐकणाऱ्याला वैताग येतो हे खरं, पण सेकंदाला साधारण दोन ठोके या वेगाने इतका वेळ चूक न करता वाजवणं एखाद्या तबलजीलाही सोपं जाणार नाही.

आवाज ऐकू येऊनही पक्षी सापडत नाही, याचं एक कारण म्हणजे तो ओरडताना मान इकडून तिकडे वळवत राहतो. त्यामुळे आवाज कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी लांबून आल्यासारखा वाटतो. दुसरं कारण त्याचा रंग. हिवाळ्यात तो जवळपास गप्प असतो. थंडी ओसरायला लागली की ठोके सुरू होतात, कारण तेव्हा त्याचा विणीचा हंगाम जवळ आलेला असतो.

एवढा रंगीत, मग दिसत का नाही?

तांबटाचा फोटो पाहिला तर हा पक्षी आपल्या गल्लीत राहतो यावर विश्वास बसत नाही. कपाळ लालभडक. छातीवर आडवा लाल पट्टा. गळा पिवळाधमक, डोळ्याच्या वर आणि खाली पिवळे ठिपके. पोटावर फिकट रंगात हिरव्या रेघा. पाय लालसर. मोरात किंवा सुगरणीत नर नटवा आणि मादी साधी असते, तसं इथे नाही. नर आणि मादी सारखेच रंगीत. नुकत्याच उडायला लागलेल्या पिल्लांच्या अंगावर मात्र हा लाल रंग नसतो.

पण हे सगळं समोरून. पाठ आणि पंख पानांसारखे हिरवे. लाल-पिवळा चेहरा पानांत आणि पिकलेल्या फळांत मिसळून जातो, हिरवी पाठ फांदीत. वडाला लाल फळं लागलेली असताना त्यात तांबट शोधून दाखवा, मग बोलू.

चोच जाड आणि आखूड, तिच्या मुळाशी राठ केसांचे झुबके. 'बार्बेट' हा शब्द यावरूनच आला. लॅटिनमध्ये 'बार्बा' म्हणजे दाढी. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, अगदी सुतारपक्ष्यासारखी. हे साम्य योगायोगाने आलेलं नाही, कारण दोघं एकाच गणातले.

खानदान केवढं आहे?

तांबट एकटा नाही. आशियातल्या तांबटांचं 'मेगॅलेमिडी' नावाचं स्वतंत्र कुळ आहे आणि त्यात ३५ च्या आसपास जाती आहेत. बहुतेक सगळे उष्ण कटिबंधातल्या जंगलांत राहणारे. बहुतेक हिरवे, आणि डोक्या-गळ्यावर लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या रंगांची उधळण. शरीर एका साच्यातून काढायचं आणि चेहरा दर वेळी वेगळा रंगवायचा, असा निसर्गाचा एकूण कारभार दिसतो.

आपल्याकडे तांबटाशिवाय आणखी एक भाऊबंद सहज ऐकू येतो. आकाराने बराच मोठा, तपकिरी डोक्याचा, डोळ्याभोवती नारिंगी-पिवळी कातडी असलेला. तो 'कुटर्र... कुटर्र... कुटर्र' असं ओरडतो आणि त्यावरून त्याला कुणी कुटुर्गा म्हणतं, कुणी कुर्टुक. सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत पांढऱ्या गालाचा तांबट मिळतो. त्याचा पट्टा सुरगाण्याला लागून असलेल्या डांगच्या जंगलापासून खाली दक्षिणेकडे जातो. गोव्यापासून पुढे लाल चेहऱ्याचा मलबारी तांबट भेटतो. तो पश्चिम घाटाशिवाय जगात कुठेच नाही.

आता थोडं लांब जाऊ. आफ्रिकेतही तांबट आहेत, दक्षिण अमेरिकेतही आहेत. दिसायला आणि वागायला इतके सारखे की शास्त्रज्ञांनी बराच काळ सगळ्यांना एकाच कुळात ठेवलं होतं. डीएनए तपासल्यावर वेगळंच निघालं. अमेरिकेतले तांबट आपल्या तांबटांपेक्षा टूकनला जास्त जवळचे आहेत. टूकन म्हणजे ती भलीमोठी रंगीत चोच असलेला, कार्टून आणि जाहिरातींत दिसणारा पक्षी. म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलातला टूकन आणि गोदाकाठच्या पिंपळावरचा तांबट हे लांबचे का होईना, नातेवाईक आहेत. दोघंही फळं खातात, दोघंही झाडाच्या ढोलीत अंडी घालतात.

फरक असा, की टूकनला स्वतः ढोली नीट खोदता येत नाही, तो बहुतेक वेळा तयार ढोली शोधतो. आपला तांबट स्वतःचं घर स्वतः बांधतो.

उंबराचं फूल आणि तांबटाचं पोट

त्या घराकडे जाण्याआधी जेवणाचं बघू, कारण त्यात नाशिकचा संबंध येतो.

तांबट अधूनमधून किडे पकडतो, कधी फुलांच्या पाकळ्याही खातो. पण त्याचं खरं अन्न म्हणजे वड, पिंपळ, उंबर आणि त्यांच्या जातकुळीतल्या झाडांची फळं. दिवसभरात तो स्वतःच्या वजनाच्या दीडपट ते जवळपास तिप्पट फळं खातो. पन्नास किलोच्या माणसाने रोज पंचाहत्तर ते दीडशे किलो फळं खाण्यासारखं झालं हे.

एवढी फळं रोज येणार कुठून? आंबा वर्षातून एकदा येतो, जांभूळ एकदा येतं. वड-पिंपळ-उंबराचं गणित वेगळं आहे, आणि ते एका इवल्याशा माशीमुळे वेगळं आहे.

एखादा मित्र फार दिवसांनी भेटला की आपण म्हणतो, 'उंबराचं फूल झालास की रे!' उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ते फळाच्या आत असतं. आपण ज्याला उंबर म्हणतो तो खरं तर आत वळलेल्या शेकडो सूक्ष्म फुलांचा गुच्छ आहे. गांधीलमाशीच्या नात्यातली, डासापेक्षाही छोटी माशी टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात. आत ती परागीकरण करते, अंडी घालते आणि मरते. तिच्या पुढच्या पिढीतल्या माद्या परागकण घेऊन बाहेर पडतात. त्यांच्याकडे जेमतेम एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात त्यांना त्याच जातीचं दुसरं झाड सापडायला हवं, आणि त्यावर योग्य टप्प्यातली कोवळी फळंही असायला हवीत.

परिसरातली सगळी झाडं एकाच महिन्यात फळली तर ही माशी संपेल, आणि माशी संपली की झाडाला बी धरणार नाही. म्हणून प्रत्येक झाड आपल्या वेळेने फळतं. आज पंचवटीतला वड, पुढच्या महिन्यात गंगापूर रोडचा, त्यानंतर आणखी कुठला. माशीसाठी झालेली ही सोय तांबटाच्याही पथ्यावर पडते. कुठे ना कुठे, वर्षभर, काहीतरी पिकलेलं असतं. मात्र त्यासाठी परिसरात एक वड असून भागत नाही, पुष्कळ असावे लागतात.

तांबट याची परतफेड करतो. वडा-पिंपळाचं बी मोहरीपेक्षा बारीक असतं. ते तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतं आणि जिथे विष्ठा पडेल तिथे रुजतं. गोदाघाटावरच्या दगडी भिंतींच्या फटींतून, जुन्या वाड्यांच्या पडवीवरून पिंपळाची रोपं डोकावताना तुम्ही पाहिली असतील. ती कुणी लावलेली नसतात. (वाड्याच्या मालकाला याचं कौतुक वाटेल अशी अपेक्षा नाही.)

आता ती वाळलेली फांदी

सुतारपक्ष्याची चोच छिन्नीसारखी असते, शेपूट टेकू द्यायला ताठ असते. तांबटाकडे यातलं फारसं काही नाही. चोच मजबूत आहे, पण जिवंत, टणक लाकूड फोडण्याइतकी नाही. म्हणून तो मेलेली किंवा आतून भुसभुशीत झालेली फांदी शोधतो. शेवगा, पांगारा, गुलमोहर अशा मऊ लाकडाच्या झाडांवर त्याचं काम आणखी सोपं होतं.

नर-मादी आळीपाळीने खोदतात. खोदकाम फांदीच्या खालच्या बाजूने करतात. त्यामुळे पाणी आत शिरत नाही आणि वरून चालत येणाऱ्याला भोक दिसत नाही. तोंड जेमतेम दीड-दोन इंचांचं आणि इतकं गोल, की कुणी ड्रिल मशीन चालवलं असं वाटावं. आत सरकत खोली तयार होते. काड्या नाहीत, कापूस नाही. तीन-चार पांढरी अंडी थेट लाकडाच्या भुशावर. अंधारात कुणाला दिसणारच नाहीत, तर त्यांना ठिपक्यांचा रंग कशाला? ढोलीत घालणाऱ्या बहुतेक पक्ष्यांची अंडी अशीच पांढरी असतात. पिल्लं बाहेर येतात ती आंधळी आणि पिसांविना.

अंडी दोघं उबवतात, पिल्लांना दोघं भरवतात. भारतात हा हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, पण तो पुढे लांबतो, आणि पुष्कळदा एकामागोमाग दोन विणी होतात.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ढोली फक्त बाळंतपणापुरती नसते. तांबट रात्रीही ढोलीत झोपतो. म्हणजे 'पिल्लं उडाली, आता फांदी तोडली तरी चालेल', हेही पूर्ण खरं नाही. शिवाय त्याने सोडलेली ढोली वाया जात नाही. ज्यांना स्वतः खोदता येत नाही असे लहान पक्षी तांबट आणि सुतारपक्ष्यांच्या जुन्या ढोल्यांवर अवलंबून असतात. एक वाळकी फांदी म्हणजे पूर्ण चाळ आहे, फक्त भाडेकरू बदलत राहतात.

मग अडचण कुठे येते?

अडचण कॅलेंडरमध्ये आहे. शहरांत झाडांची छाटणी कधी होते? पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत. वीजतारांना लागणाऱ्या फांद्या, रस्त्यावर झुकलेल्या फांद्या आणि सगळ्यात आधी वाळलेल्या फांद्या. नेमक्या त्याच आठवड्यांत त्या फांद्यांच्या आत पिल्लं असतात.

इथे एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. वाळलेली फांदी धोकादायक असते. वादळी पावसात ती गाडीवर पडते, माणसावर पडते, माणसं जातात. रस्त्यावरची, शाळेबाहेरची, बसस्टॉपवरची मेलेली फांदी पक्ष्यासाठी तशीच राहू द्या, असं कुणी म्हणणार नाही. पण तेच माप बागेच्या कोपऱ्यातल्या, नदीकाठच्या, कॉलेजच्या मैदानामागच्या झाडाला लावण्याची काय गरज? तिथे खाली कुणीच उभं राहत नाही. तिथे फांदी तोडली जाते ती फक्त 'स्वच्छ' दिसावं म्हणून.

जिथे छाटणी टाळताच येत नाही तिथे वेळ बदलता येते. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छाटलं तर पुढच्या पावसाळ्याचीही काळजी मिटते आणि विणीचा हंगामही वाचतो. वजन कमी करण्यासाठी फांदी अर्ध्यावर तोडून खोडाजवळचा खुंट ठेवता येतो. तांबटाला तेवढा पुरतो.

कायद्याचं म्हणाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणं येतं. म्हणजे बंदूक लागत नाही, कुऱ्हाडही पुरेशी आहे. ढोलीबाबत गोची अशी, की काड्यांचं घरटं खालून दिसतं. फांदीच्या पोटातलं घरटं फांदी जमिनीवर आपटल्यावर दिसतं.

हजार रोपं लावली तर भरपाई होते का?

नाशिकमध्ये हा प्रश्न सध्या कागदावरचा राहिलेला नाही. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभारायचं आहे. त्यासाठी अठराशेच्या आसपास झाडं हटवण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला आणि शहरात मोठं आंदोलन उभं राहिलं. त्याआधी गंगापूर रोडवर रुंदीकरणानंतर भर रस्त्यात आलेल्या जुन्या झाडांवरूनही वाद झालेलेच आहेत. ज्या शहराच्या एका भागाचं नावच पाच वडांवरून पंचवटी पडलंय, तिथे हे होणं साहजिक आहे.

अशा प्रत्येक वादात एक उत्तर ठरलेलं असतं: जितकी तोडू, त्याच्या कित्येक पट लावू. राज्याच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यात ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' म्हणजे वारसा वृक्षाचा दर्जा आला, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावण्याची तरतूद आली. आकड्यांत विचार केला तर हे बरं वाटतं. ८० वर्षांचा वड गेला, ८० रोपं आली.

तांबटाच्या बाजूने हा हिशेब करून बघा. त्याला दोन गोष्टी लागतात. एक, फळं. वडाच्या रोपाला भरपूर फळं धरायला कित्येक वर्षं जातात, आणि भरपाईच्या रोपांत वड-उंबर असतीलच असं नाही. दुसरी गोष्ट, मेलेली फांदी. ती नर्सरीतून आणता येत नाही. त्यासाठी झाड आधी मोठं व्हावं लागतं, मग म्हातारं व्हायला लागावं लागतं, एखादी फांदी वठावी लागते, बुरशीने तिचा गाभा मऊ करावा लागतो. ऐंशी तरुण झाडांत मिळून अशी एकही फांदी नसू शकते. झाडांची गणना करताना आपण खोडं मोजतो, घेर मोजतो. ढोल्यांचा रकाना त्या तक्त्यात नसतो.

तांबट दुर्मीळ पक्षी नाही, हेही सांगायला हवं. पाकिस्तानपासून फिलिपिन्सपर्यंत तो पसरलेला आहे, शहरांशी त्याने जमवून घेतलंय, मुंबईने तर २०११ मध्ये त्याला शहराचा पक्षी म्हणून निवडलं. तो उद्या नामशेष होणार नाही. पण एखाद्या कॉलनीतून मात्र तो सहज जाऊ शकतो. नांदूरमध्यमेश्वरला फ्लेमिंगो किती आले याची बातमी होते, आणि व्हायलाच हवी. कॉलनीतला ठोका बंद झाल्याची बातमी कुठेच होत नाही.

तुमच्या झाडावर आहे का, कसं ओळखाल?

सकाळी लवकर बघा. ऊन कोवळं असताना तांबट उंच झाडाच्या उघड्या शेंड्यावर ऊन खात बसतात, कधी दोघं शेजारी शेजारी. दुपारी तो पानांत शिरला की सापडणं अवघड.

ढोली शोधायची असेल तर फांदीच्या वर नाही, खालून बघा. बारीक गोल भोक, आणि त्याच्याखाली जमिनीवर ताजा लाकडाचा भुसा पडलेला असेल तर खोदकाम चालू आहे. पक्षी चोचीत फळ घेऊन आत शिरत असेल किंवा भोकातून रंगीत डोकं बाहेर काढून बसला असेल तर आत कुटुंब आहे. मोबाईलसाठी फार जवळ जाऊ नका, ढोलीत टॉर्च मारू नका. सोसायटीत छाटणी ठरली असेल, तर कामगार येण्याआधी त्या फांदीचा फोटो सेक्रेटरींना पाठवा. झाड छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते, त्यामुळे तोच फोटो उद्यान विभागालाही पाठवता येतो.

आणि छाटलेल्या फांदीत पिल्लं सापडलीच, तर त्यांना दूध, भात, पाव काहीही भरवू नका. चोचीत पाणीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. ढोलीचा तुकडा शाबूत असेल तर पिल्लं त्यातच राहू द्या, तो सावलीत, मांजरांपासून दूर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. आई-बाप बहुधा आसपासच असतात, त्यामुळे तो तुकडा त्या झाडापासून लांब नेऊ नका.